मांजरीचे चार जिन्नस

हडपसरचा गाडीतळ मागे टाकून सोलापूर रस्त्याला लागले की पंधरा नंबर येतो, पुढे मांजरी फार्म, शेवाळेवाडी. डाव्या हाताला मुळा-मुठेच्या काठापर्यंत पसरलेले मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. त्याआधीच ते शहर झाले होते, फक्त पाणी आणि रस्ते गावाचे होते. आज मांजरीचे नाव काढले की पुणेकराला वाहतूककोंडी, मंगल कार्यालये आणि फ्लॅटच्या जाहिराती आठवतात. पण जैवतंत्रज्ञान म्हणजे काय, त्याच्या शाखा कोणत्या आणि ते आपल्या कोणत्या कामी येते, हे एखाद्याला एका दिवसात पायी फिरून समजून घ्यायचे असेल, तर महाराष्ट्रात मांजरीसारखी दुसरी जागा नाही.

इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे ऊस. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. सीरम इन्स्टिट्यूटचे मांजरीतले संकुल आहे, म्हणजे लस. आणि गावाचेच नाव मिरवणारे एक वांगे आहे, मांजरी गोटा. त्याची गोष्ट या तिघांपेक्षा जास्त गुंतागुंतीची निघाली. अभ्यासक्रमात जैवतंत्रज्ञानाला रंग दिलेले असतात: औषधाचे लाल, शेतीचे हिरवे, कारखान्याचे पांढरे, समुद्राचे निळे. मांजरीत पहिले तीन रंग उघड दिसतात. निळ्यालाही एक चोरवाट सापडते, ती पुढे येईल.

बारावीच्या पुस्तकात हा विषय डीएनएच्या पिळापासून सुरू होतो आणि जनुकांच्या काटछाटीवर रंगतो. त्यामुळे मुलांना वाटते, हा सगळा कात्रीचा खेळ आहे. माझे मत वेगळे आहे. जनुके कापण्याजोडण्याचा भाग यात थोडा, आणि तो हुशार लोक कधीच करून मोकळे होतात. उरलेला सगळा खटाटोप एकाच जातीचा जीव भेसळ न होऊ देता वाढवण्याचा आणि तो प्रचंड संख्येने करण्याचा असतो. शुद्ध आणि पुष्कळ. या दोन शब्दांवर मांजरीतली प्रत्येक संस्था उभी आहे.

ऊस इथे नवा नाही. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी या भागात आल्यावर उसाने जोर धरला आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने मांजरीच्या सरकारी शेतावर उसाचे प्रयोग केले. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ मध्ये निघाले, त्याच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा दख्खनेत पुंड्या ऊस असे. जाड, रसाळ, आणि रोगाला चटकन बळी पडणारा. तिकडे कोईमतूरला १९१२ मध्ये स्थापन झालेल्या ऊस पैदास संस्थेत बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड उसाचा रानटी उसाशी संकर केला. रानटी बापाकडून काटकपणा आला, गोड आईकडून साखर. आज महाराष्ट्राच्या शेतात उभा असलेला बहुतेक ऊस त्या सोयरिकीचाच वंशज आहे. ‘को’ने सुरू होणारी नावे कोईमतूरची. को ८६०३२ हा वाण तर इतका रुळला, की त्याचे नुसते आकडे बोलले तरी कळते.

१९७५ मध्ये राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांनी एकत्र येऊन डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. वसंतदादा पाटील १९८९ मध्ये गेल्यावर तिला त्यांचे नाव दिले गेले. ही संस्था कारखाने चालवतात, आणि कारखान्यांचा पैसा शेवटी उसाच्या टनातून येतो. शेतकऱ्याने आपल्या पिकासाठी स्वतःच्या पैशाने प्रयोगशाळा उभी करावी, ही साधी गोष्ट नाही. तिच्या कारभारावर राजकारणाची सावली आहे, हे सांगायला कोणा जाणकाराची गरज नाही. पण त्या सावलीत जे काम झाले, ते खरे आहे.

उसाची अडचण अशी की त्याचे बी शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही. उसाला तुरा येतो, तुऱ्यात बारीक बी धरते, पण ते पेरले तर प्रत्येक रोप वेगळे निघते. उसाच्या एका पेशीत शंभरावर गुणसूत्रे असतात आणि दोन्ही पूर्वजांचा वारसा त्यांत कालवलेला असतो. माणसाची गुणसूत्रे ४६. हा गुंता इतका, की आधुनिक उसाच्या एका वाणाचा जनुकसंच नीट वाचून प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडले. भाताचा तर वीस वर्षांपूर्वीच झाला होता. नवा वाण काढणाऱ्याला मात्र हेच बी हवे असते, कारण वेगळेपणातच निवड करता येते. त्यासाठी वसंतदादा संस्थेने सिंधुदुर्गात आंबोलीला ऊस संकराची बाग ठेवली आहे. तिथल्या दमट, थंड हवेत उसाला फुलोरा चांगला येतो. संकर कोकणच्या माथ्यावर, निवड देशावर. एका संकरातून निघालेल्या हजारो रोपांतून वर्षानुवर्षे गाळत गाळत एखादा वाण शेतकऱ्याच्या हाती पडतो.

शेतकरी लावतो ते कांडे. दोन डोळ्यांची टिपरी, एकराला सुमारे दहा हजार. म्हणजे एका एकराला अडीच-तीन टन ऊस नुसता बेण्यात जातो. आणि कांड्याबरोबर आईबापाचे आजारही जातात. काणी जाते, मोझॅक जातो, गवताळ वाढ जाते. गवताळ वाढीचे बेट कोणीही ओळखेल: ऊस व्हायच्या जागी पांढुरक्या, बारीक फुटव्यांचा झुपका उगवतो. त्यामागे फायटोप्लाझ्मा नावाचा, भिंत नसलेला सूक्ष्मजीव असतो आणि तो बेण्यात मुक्काम करून असतो. बेणे ५४ अंशांच्या दमट गरम हवेत काही तास ठेवले तर तो बराचसा मरतो. ऊस मरत नाही, पण नाराज होतो. तापमान थोडे चुकले की डोळे उगवत नाहीत.

ऊतिसंवर्धन, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचे टिश्यू कल्चर, कामाला येते ते इथे. उसाच्या अगदी शेंड्यात, पानांच्या गुंडाळीच्या आत, मिलिमीटरपेक्षाही लहान असा वाढीचा ठिपका असतो. तिथल्या पेशी इतक्या झपाट्याने विभागतात आणि तिथे रसवाहिन्या अजून इतक्या अपुऱ्या असतात, की विषाणू सहसा तिथवर पोचलेला नसतो. रोगी उसाच्याही शेंड्याचा तो कण निरोगी सापडू शकतो. तो सुरीने काढायचा, निर्जंतुक करायचा आणि बाटलीत पोषकद्रव्यावर ठेवायचा. हे द्रव्य मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशी वाढवताना ठरवले. क्षार, साखर, जीवनसत्त्वे, घट्ट करायला समुद्री शेवाळातून काढलेला अगर, आणि दोन संप्रेरके. त्यांपैकी सायटोकायनिन वाढवले की फुटवे येतात, ऑक्सिन वाढवले की मुळे. या दोघांचे प्रमाण बदलत एका कणाची हजारो रोपे करता येतात. मग ती हरितगृहात आणून हळूहळू उघड्या हवेची सवय लावायची. याला हार्डनिंग म्हणतात, आणि निष्काळजी प्रयोगशाळेतली निम्मी मेहनत इथेच वाया जाते, कारण बाटलीत वाढलेल्या पानाला पाणी राखण्याचे वळणच नसते.

जनुकाला इथे कोणी हात लावलेला नाही. फक्त सगळे स्वच्छ ठेवले आहे. पोषकद्रव्य १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली उकळायचे, गाळलेल्या हवेच्या झोताखाली बसून काम करायचे, चिमटा दर वेळी तापवायचा. बाटलीतले अन्न उसासाठी मांडलेले असते, पण हवेतली बुरशी त्यावर उसाच्या शंभरपट वेगाने वाढते. एक बुरशीकण आत गेला की बाटली फेकायची. बहुतेक टिश्यू कल्चर प्रयोगशाळांत हे काम बायका करतात आणि ते तासन् तास एका जागी बसून करावे लागते. जैवतंत्रज्ञानाच्या एखाद्या परिसंवादात त्यांचा उल्लेख झालेला मी ऐकलेला नाही.

पुण्यात या तंत्राचा वारसा मोठा आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अँथनी मस्कारेन्हस यांच्या गटाने साग, निलगिरी, बांबू अशी झाडे बाटलीत वाढवली. बांबूला कित्येक दशकांतून एकदा फुलोरा येतो. रजनी नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी तो काही महिन्यांत बाटलीतच आणला. १९९० मध्ये ‘नेचर’ने ते छापले. जळगावकडे केळीच्या ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपे आता कोणाला नवलाची वाटत नाहीत. केळीत रोप थेट शेतात लावतात. उसात तसे परवडत नाही. म्हणून टिश्यू कल्चरच्या रोपांपासून आधी मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशा तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. दर पायरीला साधारण दहापट. बाटलीतले एक चांगले रोप तिसऱ्या वर्षी शिवारभर होते. मधल्या एका पायरीला कोणी आळस केला, तर रोगही त्याच हिशोबाने वाढतो.

याच संस्थेच्या जिवाणूखतांबद्दल थोडक्यात. उसाच्या आत, पेशींच्या फटींत राहून हवेतला नत्र पिकाला देणारा एक जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये काव्हाल्कांते आणि डोबेराइनर यांना सापडला. शेतकरी त्याला ॲसेटोबॅक्टर म्हणतात. शास्त्रज्ञांनी मध्यंतरी त्याचे नाव बदलले, ते शिवारापर्यंत पोचलेले नाही. बेणे त्याच्या द्रावणात बुडवून लावतात, युरिया थोडा वाचतो. आणि ‘वसंत ऊर्जा’ नावाचे एक फवारणीचे द्रव्य आहे, त्यात कायटोसान असते. ते कोळंबीच्या कवचातून निघते. ही ती निळ्या रंगाची चोरवाट.

आता पांढरा रंग. साखर निघून गेल्यावर उरते ती काळी, चिकट मळी, आणि तिच्यात साखर असते जी स्फटिक व्हायला नकार देते. कारखान्याला ती नको असते, यीस्टला चालते. यीस्ट हा एकपेशी बुरशीचा प्रकार. पावाचे पीठ फुगवतो, द्राक्षरसाची दारू करतो आणि मळीचे इथेनॉल. हवा तोडली की तो साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतो. शंभर किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो अल्कोहोल, यापुढे निसर्ग जात नाही. आंबवणातले अल्कोहोल आठ-दहा टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेक यीस्ट स्वतःच्याच उत्पादनाने गुदमरू लागतो. म्हणून जास्त अल्कोहोल, जास्त उष्णता सोसणारे यीस्ट निवडणे हे मोठे काम असते. काचनळीतल्या टिपक्यापासून चंबू, चंबूतून पिंप, पिंपातून लाखो लिटरची टाकी. वाटेत आंबट करणारे जिवाणू घुसले की उतारा पडला. पुन्हा तेच: शुद्ध आणि पुष्कळ.

एक टन सी हेवी (साखर पुरती काढलेल्या) मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास इथेनॉल येते. साखर थोडी कमी काढून मागे ठेवलेल्या बी हेवीतून तीनशेच्या वर. या फरकावर कारखान्यांचा अर्थसंकल्प हलतो. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉलचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि बरीच वर्षे रडतखडत चालला. २०२२ मध्ये तो दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेला. मधेच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने आणली आणि कर्ज काढून आसवनी उभारलेले कारखाने हवालदिल झाले. यीस्टला धोरण कळत नाही, हे एक बरे. पण लिटरभर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर स्पेंटवॉश हे सांडपाणी निघते, ते नदीत गेले की मासे मरतात, विहिरी लाल होतात. त्याच्यापासून आधी जिवाणूंकरवी गॅस करायचा आणि मग उरलेले आटवून जाळायचे किंवा खतात मुरवायचे, हेही जैवतंत्रज्ञानच. त्याची जाहिरात कोणी करत नाही. ते नीट केले नाही की मात्र बातमी होते.

सीरमची गोष्ट घोड्यांपासून सुरू होते, हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. पूनावाला कुटुंबाचा घोडेपैदाशीचा व्यवसाय. त्यांचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तजलासाठी जात. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला स्वतःची संस्था काढली आणि पहिले उत्पादन धनुर्वाताच्या प्रतिविषाचे केले. घोड्याला निष्प्रभ केलेले विष हळूहळू टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची. जिवंत जनावर हाच कारखाना. ज्यांच्या नावाने ती मुंबईची संस्था आहे, त्या हाफकिन यांचे धनुर्वाताशी जुने दुखणे होते. प्लेगच्या साथीत त्यांनी मुंबईत तुपाचे थेंब तरंगणाऱ्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवून लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्यांच्या लशीची एक बाटली दूषित झाली आणि १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष बाटली गावात उघडताना झालेल्या हयगयीचा होता, हे सिद्ध व्हायला वर्षे लागली. तोवर हाफकिन यांची नोकरी गेली होती. जैवतंत्रज्ञानात शुद्धता म्हणजे काय, हे मुलकोवालइतके स्पष्ट कुठे दिसत नाही.

घोड्याची जागा पुढे पेशींनी घेतली. कोव्हिशील्डचेच पाहा. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी चिंपांझीला सर्दी करणारा एक ॲडिनोव्हायरस घेतला, त्याचे वाढीला लागणारे एक जनुक काढून टाकले आणि त्यात करोनाच्या काट्याचे जनुक बसवले. असा विषाणू माणसाच्या शरीरात शिरतो, काटा तयार करायला लावतो, पण स्वतः वाढू शकत नाही. मग कारखान्यात तो वाढवायचा कसा? त्यासाठी अशा मानवी पेशी लागतात ज्यांच्याकडे ते काढून टाकलेले जनुक आधीच असते. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनला तयार झालेल्या एका पेशीवंशाकडे ते आहे. त्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवायच्या, विषाणू सोडायचा, पेशी फुटल्या की विषाणू गाळून घ्यायचा. अर्ध्या मिलिलिटरच्या एका मात्रेत पाच हजार कोटी विषाणूकण. त्याला देशाच्या लोकसंख्येने गुणा, म्हणजे ‘पुष्कळ’ या शब्दाचा अर्थ कळेल. कात्रीचे काम ऑक्सफर्डला आटोपले होते; गुणाकार पुण्यात झाला.

३ जानेवारी २०२१ ला परवानगी मिळाली, १२ तारखेच्या पहाटे नारळ फुटून पहिले ट्रक विमानतळाकडे निघाले, १६ ला लसीकरण सुरू झाले. २१ तारखेला दुपारी मांजरीच्या संकुलात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि पाच कंत्राटी कामगार मेले. त्या दिवशीच्या बातम्यांत लशीचे उत्पादन सुरक्षित असल्याचे ठळकपणे आले. लशीच्या इतिहासात त्या पाच जणांची नोंद वेगळी ठेवायला हवी. पुढे या लशीने अगदी विरळा रक्ताच्या गाठी होतात हेही निष्पन्न झाले आणि २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ती जगाच्या बाजारातून मागे घेतली. तोवर तिने वाचवलेल्यांची संख्या त्या गाठींपेक्षा कितीतरी मोठी झाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगाव्यात.

सीरमच्या दुसऱ्या करोना लशीचा, कोव्होव्हॅक्सचा, कारखाना आणखी गमतीचा. तिच्यातला काटा एका पतंगाच्या कोषापासून आलेल्या पेशींत तयार होतो. त्या पतंगाचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. मराठी शेतकरी त्याला २०१८ पासून ओळखतो: मक्याची पोंगी कुरतडणारी अमेरिकन लष्करी अळी ती हीच. शिवारात जिच्यावर औषध मारायचे, तिच्याच पेशी टाकीत जपायच्या. हिपॅटायटिस-बीची लस, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्व्हाव्हॅक आणि आफ्रिकेत २०२४ पासून दिली जाणारी आर-२१ ही हिवतापाची लस, या तिन्ही यीस्टच्या एका जातीत तयार होतात. मळी आंबवणाऱ्या यीस्टची ही चुलतबहीण. आसवनी आणि लसघर यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी सीरमने अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत लस केली, ती डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत दिली गेली. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी जी लस करण्यात फायदा पाहिला नाही, ती हडपसर-मांजरीच्या पट्ट्यातून गेली. या उद्योगातले माझे सगळ्यात आवडते उदाहरण हे.

द्राक्ष केंद्र १९९७ चे. खरे म्हणजे महाराष्ट्रातल्या द्राक्षाचे पहिले शास्त्रज्ञ बागाइतदारच. थॉम्पसन वाणाच्या बागेत एका फांदीवर लांबट मणी दिसले, ती फांदी वसंतराव आर्वे यांनी तासगावजवळ बोरगावला जपली आणि तास-ए-गणेश झाले. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि काळे शरद असेच निवडले. फांदीतल्या एका पेशीत निसर्गाने केलेला बदल डोळ्यांनी टिपायचा आणि कलमाने वाढवायचा. हे कोणत्याही पदवीशिवाय केलेले जैवतंत्रज्ञान.

दिवाळीच्या सुमारास नाशिक, सांगलीत छाटणी उरकलेली असते आणि पुढे मणी लांबवायला घड ‘जीए’त बुडवले जातात. हे जिबरेलिक आम्ल जपानात भाताची रोपे वेडीवाकडी उंच करणाऱ्या बुरशीपासून सापडले, आणि आजही ती बुरशी टाक्यांत वाढवूनच ते काढतात. म्हणजे जो बागाइतदार जैवतंत्रज्ञानाशी माझा काय संबंध म्हणतो, तो दर हंगामात ते पुडीने विकत घेतो. बिनबियांच्या दोन वाणांचा संकर करायचा तर गर्भ मण्यातच मरतो; तो मरण्याआधी काढून बाटलीत वाढवावा लागतो. उसाच्या शेंड्यासाठीचीच ती बाटली. मांजरी केंद्राने रसासाठी काढलेला मांजरी मेडिका हा वाण फ्लेम सीडलेस आणि पुसा नवरंग यांच्या संकराचा. त्याचा गरसुद्धा लाल असतो. पण केंद्राचे शेतकऱ्यावरचे सर्वांत मोठे उपकार प्रयोगशाळेतल्या, औषधांच्या उर्वरित अंशांच्या तपासणीचे आहेत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली तेव्हा बागाइतदारांची झोप उडाली होती. आता बागेची नोंद, नमुना, तपासणी आणि मगच कंटेनर.

राहिले वांगे. मांजरी गोटा जाड, गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेषा. भरल्या वांग्याला आणि भरताला सारखेच चालते. त्याचा खरा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. ती फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फवारतो आणि ते आपण खातो. जालन्याच्या महिकोने अळीला मारक प्रथिन करणारे जिवाणूचे जनुक वांग्यात बसवले. २००२ पासून हेच तंत्र कापसात होते. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ते जनुक संकराने स्थानिक वाणांत उतरवले, आणि त्या वाणांत मांजरी गोटाही होता. म्हणजे बीटी मांजरी गोटा खरोखर तयार होता. त्याचे बी कंपनीचे संकरित नसून शेतकऱ्याला स्वतः राखता येण्यासारखे होते.

९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही. स्थानिक वाण परवानगीशिवाय वापरल्याच्या तक्रारीवरून २०११ मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणही हलले. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच जनुक मान्य केले आणि तिथले शेतकरी आज ते वांगे पिकवतात. इकडे विदर्भात परवानगी नसलेला तणनाशक-सहनशील कापूस चोरीछुपे लागतो. १० जून २०१९ ला शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला तो जाहीरपणे लावून सत्याग्रह केला. बंदी आहे, तपासणी नाही आणि पीक उभे आहे, ही सर्वांत वाईट अवस्था आपण निवडली. मला स्थगितीपेक्षा तिच्यानंतरचे मौन जास्त खटकते. आक्षेप घेणाऱ्यांचे प्रश्न रास्त होते: दीर्घकालीन चाचण्या स्वतंत्रपणे कोणी केल्या, वाणाचा मालक कोण, जवळच्या वांग्यांत परागकण गेले तर काय. त्यांची उत्तरे शोधायला पंधरा वर्षे पुरेशी होती. वांग्याच्या बाबतीत प्रयोगशाळेने आपले काम केले होते. अडले ते विश्वासापाशी, आणि विश्वास बाटलीत वाढत नाही.

बारावीनंतर जैवतंत्रज्ञानाला जायचे म्हणणारी मुले घराघरांत आहेत. पदवी घेऊन त्यांतली बरीच जण गुणवत्ता तपासणीत, पोषकद्रव्याच्या खोलीत, रोपवाटिकेत लागतात, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि जनुक कापायची संधी क्वचित येते. ज्याला तापवलेला चिमटा, नोंदवही आणि पुन्हा पुन्हा तेच काम आवडते, त्याने जरूर जावे. ज्याला फक्त चित्रपटातली प्रयोगशाळा आवडते, त्याने आधी एखाद्या टिश्यू कल्चर केंद्रात महिनाभर बाटल्या धुऊन पाहाव्यात.

आणि ज्यांच्या घरी ऊस आहे, त्यांच्यासाठी. लागण पूर्वहंगामी असो वा सुरूची, एवढे लक्षात ठेवा. बेणे खोडव्यातून घेऊ नका. शेजाऱ्याच्या फडातले, फुकट मिळते म्हणून, तर नकोच. नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणेमळ्यातले घ्या, गवताळ वाढीचे बेट दिसले की मुळासकट काढून नष्ट करा, आणि तीन-चार वर्षांनी बेणे बदला. मूलभूत बेण्याची मागणी आगाऊ नोंदवावी लागते. आपल्या कारखान्याच्या ऊसविकास अधिकाऱ्याला वेळेत विचारा. त्या प्रयोगशाळेचे पैसे तुमच्याच उसातून गेले आहेत.